फाटक नॉस्केचा एक गुण

आमच्या लिंडसेने उभ्या आयुष्यात एकही गोल केला नाही. हे मी आधीच सांगून टाकते. आमच्या मिन्यारिप गावात दुसरं कोणीही त्याची गोष्ट सांगायला बसलं, की एवढं वाक्य शेवटासाठी राखून ठेवतं आणि मग मान हलवत उसासा टाकतं. उसासे टाकण्यासारखं त्यात काही नाही. मी त्याची बायको, आणि त्या दिवशी पांढरा कोट घालून गोलखांबापाशी मीच उभी होते. माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

लिंडसे नॉस्के वीस वर्षं मिन्यारिपकडून फुटबॉल खेळला. फुटबॉल म्हणजे आमचा, लंबगोल चेंडूचा, अठरा-अठरा जणांचा. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधले दोन उंच. त्यांच्यामधून चेंडू कशालाही न लागता गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या बुटक्या खांबाच्या आतून गेला, किंवा उंच खांबाला नुसता चाटून गेला, तर एक गुण. थोडक्यात चुकलात तरी पदरात काहीतरी टाकणारा असा दुसरा खेळ मला माहीत नाही. माणसांनी एकमेकांशी असंच वागायला काय हरकत आहे, असं मला पुष्कळदा वाटतं. पण ते असो.

लिंडसे उभा राहायचा अगदी मागे, आपल्या गोलसमोर. समोरच्या टीमचा सगळ्यात धिप्पाड, सगळ्यात मस्तवाल गडी त्याच्या वाट्याला यायचा आणि त्याला गोल करू द्यायचा नाही, एवढंच लिंडसेचं काम. चेंडू हवेत आला की बाकीचे झेलायला हात पसरतात. हा मूठ वळायचा आणि मागून उडी मारून चेंडू ठोसून लावायचा. म्हणून त्याचं नाव पडलं फाटक. त्यात धंदाही कुंपणं घालण्याचा. या भागातल्या निम्म्या शेतांची फाटकं त्याने बसवलेली. त्यामुळे नाव असं चिकटलं की लग्नात पाद्रीबाबासुद्धा चुकून म्हणाले, "फाटक, तू हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?"

आमची ओळखही त्या मुठीनेच करून दिली. माझ्या मैत्रिणीचं, आयलीनचं लग्न होतं. लग्न लागल्यावर हॉलमध्ये नवरीने पाठमोरी होऊन फुलांचा गुच्छ मागे फेकला. आम्ही सगळ्या बिनलग्नाच्या पोरी हात वर करून उभ्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक लांबोडका पोरगा हवेत उडाला, आमच्या डोक्यांवरून त्याची मूठ आली आणि गुच्छ थेट जाऊन पडला टेबलावरच्या क्रीमच्या केकमध्ये. पोरगा कानापर्यंत लाल झाला.

"माफ करा," तो म्हणाला. "हवेत दिसला, म्हणून..."

"तुझ्या घरी हवेत काही फेकत नाहीत वाटतं?" मी म्हणाले. माझा सगळा झगा क्रीमने बरबटला होता.

"फेकतात," तो म्हणाला. "पण मी असलो की नाही फेकत."

त्याच उत्तरावर मी भाळले. लोक म्हणतात गुच्छ जिच्या हातात पडतो तिचं लग्न आधी होतं. मला तो हातात नाही, अंगावर मिळाला. पुढच्या वर्षी लग्न झालं.

त्याआधी, एकोणिसाव्या वर्षी, मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबने त्याला बोलावलं होतं. गावाने वर्गणी काढून नवी सूटकेस घेऊन दिली, स्टेशनवर बँड लावला. महिना-दीड महिन्यात तो सूटकेस घेऊन परत. कोणी म्हणालं पोरगा घाबरला, कोणी म्हणालं गुडघा दुखावला. खरं काय ते त्याने मला सांगितलं. तिथल्या कोचने याची उंची बघितली आणि याला पुढे, गोल करायला उभं केलं. पहिल्याच सामन्यात आपल्याच टीमच्या गड्याकडे येणारा चेंडू याने उडी मारून ठोसून लावला. सवय! दोन सामन्यांनंतर कोच म्हणाला, "बाळा, तू कुठल्या बाजूने खेळतोस ते घरी जाऊन एकदा ठरव." लिंडसेने घरी येऊन ठरवलं. त्याला त्याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. बँडवाल्यांना मात्र वाटलं.

आता हॉर्नचं सांगते, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं. आमच्या मैदानाला बसायला बाकं नाहीत. हिवाळ्यात शनिवारी दुपारी लोक आपापल्या गाड्या मैदानाच्या कठड्याला नाक लावून उभ्या करतात आणि थर्मासमधलं सूप पीत आतूनच सामना बघतात. गोल झाला की टाळ्या नाहीत, सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजतात. धान्याच्या कोठारावरचे काकाकुवा उडून जातात आणि दूरच्या शेतावरच्या म्हाताऱ्यांनाही कळतं, आपला गोल झाला. हा हॉर्न फक्त गोलला. एका गुणाला नाही. अडवणाऱ्याला तर नाहीच नाही. लिंडसेने दहा वेळा चेंडू अडवला तर दहा वेळा काहीच घडलं नाही. न घडलेल्या गोष्टीला कोण हॉर्न वाजवणार?

मला याचा राग यायचा. त्याला कधी यायचा नाही, निदान तो तसं म्हणायचा.

पुढे आमचे गोलपंच, म्हणजे खांबांपाशी उभं राहून गोल की एक गुण ते ठरवणारे, म्हातारे झाले. कोणते खांब आपले हेच त्यांना दिसेना. प्रत्येक क्लबने आपला एक गोलपंच द्यायचा असतो, आणि तो खोटं बोलणार नाही असं समोरच्यांनाही वाटायला हवं. आमचा कोच मर्व पेन्गिली माझ्याकडे आला. मी शाळेची बस चालवते. या सगळ्या गावांतली दोन पिढ्यांची पोरं माझ्या बसमधून गेली आहेत आणि त्यातली बरीचशी दंगा केल्याबद्दल मधेच उतरून घरापर्यंत चालत गेली आहेत.

"ग्लेनिस," मर्व म्हणाला, "तुझ्याशी वाद घालायची कोणाची छाती नाही. तू हो."

खाटकाने आपला जुना पांढरा कोट दिला. दोन पांढरी निशाणं मी घरीच शिवली. गोल झाला तर दोन्ही निशाणं हलवायची, एक गुण असेल तर एकच.

तेव्हा लिंडसे सदतीस वर्षांचा होता आणि गुडघा पावसाआधी पाऊस सांगायला लागला होता. त्याने जाहीर केलं, हा शेवटचा हंगाम. झालं! गावाला एकदम आठवलं की आपल्या फाटकाने कधी गोल केलेला नाही. वीस वर्षं कोणाला पडलेली नव्हती, आणि आता बेकरीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या पोटात कळ उठली. दुधाच्या रांगेत तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच. आयलीन मैदानावरचं कॅन्टीन चालवायची, तिथे खिमा भरलेले गरम मीट-पाय विकायची. ती तर शपथेवर म्हणाली, "फाटकाने गोल केला ना, की त्या दिवशी मीट-पाय फुकट."

"शेवटच्या सामन्यात तुला पुढे पाठवतो," मर्व म्हणाला.

"आणि वॉलीला कोण बघणार? तू?" लिंडसेने विचारलं.

वॉली बर्डेकिन हा शेजारच्या डनबुलचा गोल करणारा गडी. अंगाने मेंढ्यांच्या ट्रकएवढा. चौदा वर्षं तो आणि लिंडसे एकमेकांना खेटून उभे होते. इतका वेळ तर मी आणि लिंडसे कधी एकमेकांजवळ उभे राहिलो नसू. दोघांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही. वॉलीची एक खोड होती. चेंडू आला की पंचांची नजर चुकवून समोरच्याच्या पाठीत हळूच धक्का द्यायचा. नियमात ते बसत नाही, पण चौदा वर्षांत तो एकदाही सापडला नव्हता.

लिंडसेला गोलची काही पडलेली नाही, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटलं असतं. पण एका संध्याकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकायला मागच्या बाजूला गेले, तर हा मागच्या शेतात. कुंपणाचे दोन जाड खांब आणि त्यांच्यामधून हा चेंडू मारतोय. आमचा कुत्रा, बिस्किट, धापा टाकत चेंडू परत आणतोय. मारला, गेला बाहेर. मारला, खांबाला लागला. मग एक मधोमध गेला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि तोंडाने हळूच हॉर्न वाजवला. "पों, पों."

मी दाण्यांची बादली तशीच उचलली आणि चोरपावलांनी घरात आले. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि हेही मागितलं नव्हतं. त्याला एकदा तरी तो हॉर्न मिळावा असं मला फार फार वाटलं. गावापेक्षाही जास्त.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर, डनबुलशी. गाड्या इतक्या, की कठड्याला जागा उरली नाही. मी उत्तरेकडच्या खांबांपाशी उभी. जवळ गेल्यावर पाहिलं, तर उंच खांबांचा रंग पोपडे धरून सुटायला आलेला. ते रंगवायचं काम लिंडसेचं. तीन वर्षं तो "या शनिवारी नक्की" म्हणत होता. मी मनात म्हटलं, घरी गेल्यावर बघते.

वॉली येऊन लिंडसेला खेटला. "काय फाटक, बिजागऱ्या कुरकुरतायत की रे."

"ढकलून बघ की लेका."

त्याने ढकललं, याने ठोसलं, याने ठोसलं, त्याने ढकललं. दुपार अशी मजेत गेली, आणि शेवटी बाजू बदलून ते दोघे पलीकडच्या टोकाला गेले. शेवटची पाच-सात मिनिटं उरली तेव्हा दोन्हीकडचे गुण सारखे. आणि नेमका आमचा पुढचा गडी मांडी धरून खाली बसला. मर्वने कठड्यावरून आरोळी ठोकली, "फाटक! पुढे जा! हुज्जत घालू नकोस!"

लिंडसे अख्खं मैदान ओलांडून माझ्या बाजूला यायला लागला. आणि मागोमाग, कोणी सांगितलेलं नसताना, वॉलीही निघाला. त्यांचा कोच तिकडून शिव्या घालतोय, "वॉली, कुठे चाललास, मूर्खा!" वॉलीला ऐकूच येत नव्हतं.

"तू कशाला आलास?" लिंडसेने विचारलं.

"मग मी तिथे एकटा काय करू?" वॉली म्हणाला.

तर हे दोघे माझ्यापुढे उभे, चौदा वर्षांत पहिल्यांदा उलट्या कामावर. याने झेलायचं, त्याने ठोसायचं. चेंडू उंच आला. वॉलीने ठोसायला हवा होता, पण जन्मभराची खोड कुठे जाते? त्याने चेंडूकडे पाहिलं आणि लिंडसेच्या पाठीत धक्का दिला. या वेळी पंच चार पावलांवर होता. शिट्टी वाजली. लिंडसेला मोकळी किक. आणि त्या शिट्टीपाठोपाठ वेळ संपल्याचा भोंगा वाजला.

आमच्याकडे भोंगा झाला तरी मिळालेली किक मारू देतात. गुण सारखे. म्हणजे चार खांबांमधून कुठूनही चेंडू आत गेला तरी मिन्यारिप जिंकलं. उरला होता फक्त त्याचा गोल. हे सगळ्यांना एकदम कळलं. गाड्यांच्या काचा खाली गेल्या. प्रत्येकाचा हात हॉर्नवर.

वॉली नियमाप्रमाणे त्याच्यासमोर उभा राहिला. खरं तर हात वर करून उड्या मारायच्या असतात. त्याने हात खिशात घालायचा प्रयत्न केला, पण चड्डीला खिसेच नव्हते.

"मार रे," तो म्हणाला. "मी काही उडी मारत नाही. दमलोय."

लिंडसेने मोजे वर ओढले, आणि मारला. चेंडू वाकडातिकडा गिरक्या घेत आला, अगदी उजव्या खांबाच्या अंगाने. तो माझ्या डोक्यावर पोचायच्या आत पहिला हॉर्न वाजला, आणि मग सगळेच. इतका आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या गदारोळात चेंडू खांबाला लागल्याचा आवाज कोणाला येणं शक्य नव्हतं. मलाही आला नाही. मी मान वर करून खांबाला चिकटून उभी होते. चेंडू आत गेला, आणि वरून रंगाचा एक पोपडा भिरभिरत खाली आला आणि माझ्या बाहीवर बसला.

अंगठ्याच्या नखाएवढा. पांढऱ्या कोटावर पांढरा. माझ्याशिवाय तो कोणालाही दिसला नसता.

मैदानावरचा पंच धावत आला. तोही माझ्याच बसमधला. "मिसेस नॉस्के, काय देताय?" तो हॉर्नच्या वर ओरडला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

मी लिंडसेकडे पाहिलं. तो कंबरेवर हात ठेवून उभा होता आणि हसत होता, त्या शेतात "पों पों" करताना हसला होता तसा. सामना आम्ही जिंकलेलाच होता. कोणाचं काही बुडणार नव्हतं. डनबुलवालेसुद्धा टाळ्या वाजवत होते. फक्त हात झटकायचा आणि दुसरं निशाण उचलायचं. मी देवाशपथ सांगते, माझा हात त्या निशाणाकडे गेला.

मग मला फाटकं आठवली. आमच्या भागातला पहिला नियम, चालायला लागलेल्या पोरालाही माहीत असतो. शेतातून जाताना फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. तुम्हाला काय बरं वाटतं याचा त्यात संबंध नाही, कारण मेंढ्या दुसऱ्याच्या असतात. लिंडसेने मला लग्नाआधी दोन गोष्टी विचारल्या होत्या, आणि त्यातली एक ही होती, की मला हा नियम ठाऊक आहे ना.

मी पंचाला एक बोट दाखवलं, आणि एकच निशाण उचलून हलवलं.

हॉर्न एकेक करून बंद पडले. शेवटी कोणाचा तरी एक ट्रॅक्टर तेवढा भुंकत राहिला, मग तोही थांबला. असली शांतता मी माझ्या बसमध्येसुद्धा कधी अनुभवली नाही.

मग कॅन्टीनच्या खिडकीतून आयलीनचा आवाज आला. "ग्लेनिस! आज घरात घेणारे का गं तो तुला?"

लिंडसे सरळ माझ्याकडे चालत आला. वॉली त्याच्या मागे, सवयीने. इतकी वर्षं बसमध्ये एवढी पोरं सांभाळली, पण त्या एका माणसाच्या तोंडाकडे बघवेना.

"लागला?" त्याने विचारलं.

"लागला."

"कुठे?"

"वर. तू रंगवणार होतास तिथे."

मी बाही पुढे केली. त्याने वाकून तो पोपडा पाहिला. वॉलीनेही पाहिला. लिंडसेच्या खांद्यांना आधी हिसका बसला, मला वाटलं रडतोय. पण तो हसत होता. हसून हसून त्याला उभं राहवेना, त्याने त्याच खांबाला धरलं, आणि आणखी चार पोपडे त्याच्या डोक्यावर पडले.

"रंगवला असता," तो म्हणाला, "तर सहा मिळाले असते गं."

"मी कधीची सांगत नव्हते?"

मग तो थांबला, डोळे पुसले, आणि हळूच म्हणाला, "जसं सापडलं तसं ठेवलंस."

"हो," मी म्हणाले. आणि मग मात्र मीच रडले, तिथेच, खाटकाच्या कोटाला नाक पुसत.

वॉली कधी गेला ते आम्हाला कळलं नाही. तो हरलेल्या टीमचा गडी, त्याने खरं तर आंघोळीला जायचं. तो चिखलाच्या बुटांनिशी कठड्यावरून उडी मारून आपल्या गाडीपाशी गेला, खिडकीतून हात आत घातला आणि हॉर्न दाबून धरला. लोक बघत राहिले. एका गुणाला हॉर्न? तोही डनबुलच्या गाडीचा?

"काय बघताय!" वॉली ओरडला. "चौदा वर्षं मला अडवलं या गाढवाने! त्याचे वाजवा की!"

मग जे सुरू झालं ते थांबेना. मिन्यारिपच्या गाड्या, डनबुलच्या गाड्या, तो ट्रॅक्टर, आणि कोणीतरी माझ्या बसचाही हॉर्न दाबला. न झालेल्या सगळ्या गोलांचे हॉर्न त्या दिवशी वाजले. लिंडसे मैदानाच्या मधोमध उभा राहिला, हातांचं काय करावं ते न कळून त्याने मुठी वळल्या होत्या. आयलीनने डोळे पुसत मीट-पाय फुकट वाटले आणि नंतर आठवडाभर मला ऐकवलं.

अर्ध्या गाड्यांच्या बॅटऱ्या बसल्या. आमचीही बसली. मी स्टिअरिंग धरलं आणि लिंडसे आणि वॉली मागून ढकलत होते.

"पाठीत ढकलायचं नाही हं," मी खिडकीतून सांगितलं.

"गाडीला पाठच असते बाई," वॉली म्हणाला.

पुढच्याच शनिवारी लिंडसे डबा आणि ब्रश घेऊन मैदानावर गेला, शिडी लावली आणि आठही उंच-बुटके खांब पांढरेशुभ्र रंगवले. तेव्हापासून दर हंगामाआधी रंगवतो. आता साठी उलटली, शिडी धरायला मला जावं लागतं. उजव्या उंच खांबावर, वरच्या अंगाला, अंगठ्याच्या नखाएवढी एक जागा आहे. तिच्याभोवती तो ब्रश अगदी जपून फिरवतो आणि ती तेवढी जागा, जशी सापडली तशी ठेवतो.